घासलेले गोटे

३ फेब्रुवारी, सोमवार

कामाची वही वेगळी आहे. तिच्यात घडले तेवढेच लिहितो: तारीख, वेळ, बरणीतल्या पाण्याचा रंग, वास. ही वही माझी. ही कोणाला दाखवायची नाही, म्हणून पहिल्याच पानावर लिहून टाकतो की या इमारतीतल्या लोकांचा मला संताप येतो.

आज जाळीत सापडले: केसांचा गुंता, लहान मुलाचा एक मोजा, अर्धी साबणवडी, बटाट्याची साले, चमचा. चमचा कोणाचा म्हणून वीस दारे फिरलो. वीसही घरे म्हणाली, आमचा नाही. म्हणजे आभाळातून पडला.

ही इमारत पावणेदोन वर्षांपूर्वी नमुना म्हणून बांधली आहे. वीस बिऱ्हाडांच्या मोऱ्यांचे पाणी आधी जाळीतून आणि मग अंगणातल्या गोट्यांच्या तीन चरांतून झुळझुळत जाते. तिथून माशांच्या हौदात, हौदातून पंपाने गच्चीवरच्या भाजीला. भाजी पुन्हा त्याच वीस घरांत. वाटेत सहा जागी मी बरणीत पाणी भरून बघतो, पहिली बरणी पहिल्या चराची, सहावी हौदाची. आराखडा काढणाऱ्या मॅडम म्हणतात, "उद्याचं शहर जंगलासारखं चाललं पाहिजे. एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण. जंगलात कचरापेटी नसते आणि झाडूवालाही नसतो." मी मान डोलावली. मनात म्हटले, म्हणून तर तिथे कोणी राहायला जात नाही.

पंचवीस मार्चला तपासणी आहे. हौदातले पाणी पास झाले तर कालव्यापलीकडे अशीच चारशे घरे होणार. मी देखभालीच्या नोकरीत कायम होणार आणि तळमजल्याची खोली आईला आणि मला राहणार. नापास झाले तर पुन्हा मामाच्या जिन्याखाली.

मॅडमनी अठरा सूचना दिल्या आहेत. मी त्या सुवाच्य उतरवून दारामागे लावल्या. त्यांच्या कागदात दोन शब्द चुकले होते, ते दुरुस्त केले. मी आठवीपर्यंतच शिकलो, पण ऱ्हस्व-दीर्घ माझे चुकत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मॅडम फोटोवाल्याला घेऊन आल्या. चारही बाजूंनी फिरल्या आणि म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंयस रे. माझा ओटासुद्धा इतका स्वच्छ नसतो." मला बरे वाटले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बाजूला गेल्या. फोटोवाला पहिल्या चरावर वाकला, एक गोटा उचलला आणि बोटे शर्टाला पुसत म्हणाला, "हे काय, शेंबडासारखं?" मग त्याने त्या चराचा फोटो काढलाच नाही.

शेंबूड. माझ्या अंगणाला. दिवसभर तो शब्द डोक्यातून जाईना. अठरा सूचनांत गोट्यांबद्दल अक्षर नाही, म्हणजे ते मलाच कळायला हवे होते. मॅडमना विचारावेसे वाटले, पण एवढेही कळत नाही का, असे त्यांनी मनात म्हटले असते.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या चराचे पाणी वळवून सगळे गोटे काढले. तारेच्या ब्रशाने एकेक घासला. चारशे बारा. करडा बुळबुळीत थर दोन बादल्या भरून निघाला. तो नाल्यात फेकला.

आई दारात बसून शेंगा सोलत होती. "मोजलेस पण?" म्हणाली. "लहानपणी वाटीला भोक पाडलं होतंस घासून घासून. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं."

शेजारच्या खोलीतल्या धुणंमावशी बादली घेऊन चालल्या होत्या. त्या दोन लॉजच्या आणि एका दवाखान्याच्या चादरी घरी धुतात. दिवसाला साठ-सत्तर. त्यांची मोरी मागच्या बाजूला आहे आणि तिथला फेस एका छोट्या चरातून माझ्या पहिल्या चरात येतो. मला चकाचक म्हणायला त्यांनीच सुरुवात केली, आता सगळी इमारत म्हणते.

"काय रे चकाचक, दगडं काय माझी गिऱ्हाईकं आहेत, एवढी घासायला?"

मी पुढचा गोटा घेतला. संध्याकाळी गोटे आत्ताच दुकानातून आणल्यासारखे दिसत होते. आता दर रविवारी पहिला चर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशींचा फेस आजवर दुसऱ्या चरात विरून जायचा. आज तिसऱ्या चराच्या तोंडापर्यंत आला. पाण्याला उग्र वास. म्हणजे बाई साबण वाढवत आहेत. विचारले तर म्हणाल्या, "तीच वडी, तेवढीच. वीस वर्षं. तुझ्या पाण्याला विचार काय झालंय ते."

पाण्याला विचार म्हणे. कामाच्या वहीत नवा रकाना आखला: 'धुणे'. किती चादरी, किती वाजता, किती फेस. आता बघू कोण खरे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारी दुसरा चर, काल-आज तिसरा. एकूण एक हजार एकशे नव्वद गोटे. हाताला भेगा पडल्या आहेत, मीठ लागले की जीव जातो. मी इतका राबतो आणि पाणी दिवसेंदिवस गढूळच. सहाव्या क्रमांकाची बरणी तर चहासारखी.

वीस घरे वरून घाण सोडतात आणि खाली एक माणूस घासतो. हे यांचे जंगल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हौदात अकरा मासे उलटे तरंगत होते. पांढरी पोटे वर. वर फेसाची साय.

मी मासे बादलीत घेतले आणि बादली मावशींच्या दारात नेऊन ठेवली. त्या चादर पिळत होत्या.

"हे तुमचं काम."

त्यांनी बादलीत पाहिले. चादर खाली ठेवली नाही, पिळतच राहिल्या. "मी आले तेव्हा हे मासे बोटाएवढे होते," म्हणाल्या. "माझ्याच पाण्यावर वीतभर झाले. तेव्हा नाही आलास शाबासकी द्यायला."

"मावशी, तुम्हाला लाज नाही."

"लाज आहे. वेळ नाही. दवाखान्याच्या चादरी बाराला द्यायच्यात. सरक."

आई मागून आली, बादली उचलून घेऊन गेली आणि मासे गच्चीवर मातीत पुरले.

मावशींच्या मोरीपुढे जो छोटा चर आहे, तिथले गोटे काळे-हिरवे, बघवत नाहीत असे झाले आहेत. त्यांना मी हात लावणार नाही. त्यांनी घाण केली, त्यांनी काढावी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांकडे सभा झाली. मास्तर रहिवाशांचे चिटणीस आहेत. मी वहीतला 'धुणे' रकाना वाचून दाखवला. मास्तरांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला. "अक्षर बघा," म्हणाले. "एक काट नाही. याला म्हणतात पुरावा." माझे कान गरम झाले. शाळेत कधी कोणी असे म्हटले नव्हते.

ठराव झाला: घरात व्यवसाय केल्याने पाणी बिघडते, सबब तळमजल्याच्या त्या रहिवाशाने आठ दिवसांत खोली सोडावी. सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांच्या चादरी मावशी फुकट धुऊन देतात त्यांनीही. मी लेखनिक म्हणून सही केली.

आईने केली नाही. "मला लिहिता येत नाही," म्हणाली. तिला सही येते. मीच शिकवली आहे.

५ मार्च, बुधवार

मावशी गेल्या. हातगाडीवर दोन टब, इस्त्री, गादी, दोरीची वेटोळी. कालव्याजवळ बहिणीकडे एक खोली आहे, तिथे पाच जण आधीच राहतात.

जाताना म्हणाल्या, "चकाचक, आता तुझ्या पाण्यात फक्त पुण्यवान लोकांची घाण."

आईने हातगाडीला कोपऱ्यापर्यंत हात लावला. घरी आल्यावर ताट वाढले, माझ्यासमोर सरकवले आणि भिंतीकडे तोंड करून जेवली.

मला राग येतो आहे की मी बरोबर असून मलाच चोरासारखे वाटते.

७ मार्च, शुक्रवार

भेगा चिघळल्या. डॉक्टरांनी दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या, दहा दिवस पाण्यात हात घालायचा नाही. आणि तपासणी अठरा दिवसांवर. पेन कसेबसे धरतो आहे. हे अक्षर माझे नाही, कोणी वाचले तर कृपया लक्षात घ्यावे.

१५ मार्च, शनिवार

पहिली बरणी आज निवळ आहे. वासही कमी. गोटे मात्र पुन्हा बुळबुळीत होत चालले आहेत, बघून हात शिवशिवतात. पण पाणी सुधारले. मावशी गेल्याचा गुण. आईला मुद्दाम बरणी दाखवली.

"बरं," म्हणाली. दहा दिवसांतला हा पहिला शब्द.

१६ मार्च, रविवार

पट्ट्या सुटल्या. पहिला चर घासून काढला. तपासणीला चकचकीत दिसला पाहिजे.

१८ मार्च, मंगळवार

पहिली बरणी पुन्हा गढूळ. उग्र वास.

आता कोण? मावशी नाहीत. एकही चादर नाही. मी दारोदार फिरलो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दारच उघडले नाही, आतून म्हणाल्या, "कोणाला हाकलायचंय आता?" मास्तर म्हणाले, "तू शोध. तुझी वही आहे ना."

मी अंगणात आलो आणि ब्रश भिंतीवर फेकला. दांडा तुटला.

१९ मार्च, बुधवार

मॅडमनी निरोप धाडला की अहवालाला जोडायला सगळ्या नोंदी एकाच कागदावर हव्यात. मी मोठा कागद आखला. तारीख, बरण्या, धुणे, आणि शेवटी 'इतर कामे'. दुपारी दोनला बसलो.

इतर कामांच्या रकान्यात मीच होतो. नऊ फेब्रुवारी, पहिला चर घासला. चौदाला फेस पुढे सरकला. अठरा ते वीस, दुसरा आणि तिसरा. चोवीसला मासे मेले. सात मार्च ते पंधरा, हात बांधलेले, काही केले नाही. पंधराला पाणी निवळ. सोळाला घासला. अठराला गढूळ.

धुण्याचा रकाना पाच मार्चनंतर कोरा होता. पाण्याला त्याचे काहीच नव्हते.

मी कागद तीन वेळा खालून वर वाचला, कुठे उतरवताना चूक झाली असेल म्हणून. चूक नव्हती. माझ्या नोंदीत चूक नसते.

तो थर घाण नव्हता. घाण खाणारा तोच होता. त्याला मी मोजून, एकेका गोट्यावरून खरवडून, नाल्यात फेकले. आणि जी बाई त्याला वीस महिने पोसत होती, तिला हातगाडीवर घालून पाठवले. सुवाच्य अक्षरात.

आईला सांगितले. तिने माझ्या हातांकडे पाहिले. "मला कळत नव्हतं पाण्यातलं," म्हणाली. "माणसातलं कळत होतं."

२० मार्च, गुरुवार

मावशींच्या बहिणीकडे गेलो. टब एकात एक घालून जिन्यात उभे होते, कोरडे. मावशी पायरीवर बसून कोणाच्या तरी शर्टाची बटणे लावत होत्या.

मी उभ्यानेच सगळे सांगितले. कागद दाखवला. त्यांना तो वाचता आला नसता, म्हणून प्रत्येक तारखेवर बोट ठेवून सांगितले.

त्या दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "झालं सांगून?"

"हो."

"दोन्ही लॉज गेली. दवाखाना गेला. ते कुठल्या रकान्यात लिहिलंस?"

मी कागदाची घडी घातली.

"मी तेव्हाच म्हणाले होते ना, दगडं कसली घासतोस. इतकी वर्षं धुणं करतेय मी. जो दगड बुळबुळीत, त्याच्या खालचं पाणी नितळ. तुला वाटलं, बाई टोमणा मारते."

"टोमणाच होता तो."

"होता. पण खरा होता." शर्ट झटकला. मग थांबून विचारले, "माझ्या मोरीपुढची दगडं? तीही घासलीस?"

"नाही. तिथे हात लावला नाही."

"का?"

"रागाने."

त्या हसल्या. चांगले हसणे नव्हते ते, पण हसल्या. "बघ," म्हणाल्या, "तुझा राग तरी माझ्या कामी आला."

२१ मार्च, शुक्रवार

मॅडमच्या कचेरीत गेलो. टेबलभर चारशे घरांचा नमुना मांडला आहे. पुठ्ठ्याची घरे, स्पंजाची झाडे, काचेचे पाणी. धूळही नाही.

मॅडमनी कागद वाचला. त्या हुशार आहेत, एकदाच वाचला. तोंड उतरले.

"हा थर खरवडायचा नाही, हे तुला सांगायला हवं होतं मी," म्हणाल्या. "मला वाटलं, हे कोणाला सांगावं लागेल का."

"मला लागलं असतं."

त्या खिडकीपाशी गेल्या. मग जे बोलल्या ते जसेच्या तसे लिहितो. "अहवाल गेलाय. त्यात लिहिलंय, एका रहिवाशाने गैरवापर केला, तो दूर झाला. तपासणीवाल्यांना ते पटतं. आता हा कागद दिला तर ते म्हणतील, एका माणसाने ब्रश मारला की मरतं असलं शहर आम्हाला नको. चारशे घरं रद्द. तुझी खोलीही. नीट विचार कर."

"आणि न दिला तर?"

"घरं होतील. फक्त एक नियम घालावा लागेल. घरात व्यवसाय नाही."

"म्हणजे तिथे धुणं कोण धुणार?"

"बाहेर देतील."

"बाहेर म्हणजे कोणाकडे, मॅडम?"

मॅडम टेबलाकडे वळल्या. मला वाटले हात मारून तो सगळा स्पंज खाली पाडावा. पाडला नाही, कारण कोणीतरी दिवस दिवस बसून ती झाडे चिकटवली असणार. एवढेच म्हणालो, "तुम्हीच म्हणाला होता, एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण. मग तुमच्या जंगलातून पहिली जेवू घालणारी मावशीच कशी बाहेर गेली?"

मोठ्या माणसाशी असे मी कधी बोललो नव्हतो.

२५ मार्च, मंगळवार

तीन तपासनीस आले. मास्तर नवा सदरा घालून पुढे होते. सगळ्यात वयस्क तपासनीसांनी बरणी उन्हात धरली, वास घेतला आणि विचारले, "दोषी रहिवासी जाऊन वीस दिवस झाले ना? मग?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मॅडमनी जमिनीकडे.

मी कागद पुढे केला. म्हणालो, "पाणी मी बिघडवलं."

त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवले. सावकाश. "हे तू लिहिलंस? शिक्षण किती?"

"आठवी."

"आणि स्वतःच्याच विरुद्ध इतकं नीटनेटकं?"

मास्तर मध्येच म्हणाले, "साहेब, पोरगं थोडं चक्रम आहे. ठराव सर्वानुमते झालेला आहे."

"सर्वानुमते नाही," आई दारातून म्हणाली. "माझी सही नाही."

मग मॅडम पुढे आल्या. मला वाटले, आता मला गप्प करतील. त्या म्हणाल्या, "सूचना अपुऱ्या होत्या. एकोणिसावी मी लिहायला हवी होती." एवढेच. अहवाल परत मागितला.

निकाल असा: आज नापास. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. रहिवाशाला काढण्याचे कारण उरले नाही, खोली परत द्यावी. आणि शेवटची ओळ, मी स्वतः वाचली: 'देखभालीस एक मेपासून दुसरा माणूस नेमावा.' खोली देखभाल करणाऱ्याला असते.

मास्तर जाताना म्हणाले, "काय मिळवलंस?" मी म्हणालो, "तुमची सही पहिली होती, मास्तर. तेवढी खोडून या." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि जिना चढले.

३० मार्च, रविवार

मावशी परत आल्या. हातगाडी तीच. आईने दोन तास त्यांची खोली झाडली. मावशींनी मला हाक मारली नाही, मोरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "ये. पाटी घेऊन ये. ब्रश आणलास तर त्याच ब्रशाने तुला घासेन."

त्यांच्या चरातले काळे-हिरवे गोटे आम्ही उचलले. बोटांतून निसटत होते. माझ्या अंगावर काटा आला, तरी उचलले. "पुसू नकोस, पुसू नकोस," त्या सारख्या म्हणत होत्या, कारण माझा हात आपोआप सदऱ्याकडे जात होता. प्रत्येक चरात ते थोडे थोडे मांडले, माझ्या पांढऱ्या फटक गोट्यांच्या मधे. निम्मे मावशींनी स्वतःकडे ठेवले. विरजण सगळे कोणी देत नाही, म्हणाल्या.

"माफ केलंत का मावशी?"

"गिऱ्हाईकं परत आली की विचार."

२८ एप्रिल, सोमवार

दवाखाना परत आला. लॉज नाही. तिसऱ्या बरणीपर्यंत पाणी निवळ, फेस दुसऱ्या चरात विरतो. हौदात नवे मासे सोडले, बोटाएवढे. मेच्या शेवटी पास होईल असे वाटते. मी नसेन.

परवा सामान मामाकडे हलवायचे. आई भांडी बांधते आहे. बोलते आता. सकाळी म्हणाली, जिन्याखाली निदान घासायला काही नाही.

माझा राग गेलेला नाही. मास्तरांवर आहे, सह्या करणाऱ्या एकोणीस घरांवर आहे. सगळ्यात जास्त त्या सुंदर अक्षरावर आहे. पण नव्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी मॅडमची एकोणिसावी सूचना आली आहे. तिच्यात चार जड शब्द आहेत, मला दोन कळले नाहीत. म्हणून तिच्याखाली माझ्या चार ओळी लिहून दारामागे लावल्या:

'जे हाताला बुळबुळीत लागते ते काम करत आहे. त्याला घासू नये. संशय आला तर शेजारच्या मावशींना विचारावे. त्या टोमणा मारतील. तो लिहून घ्यावा.'